एउलालियामावशीची गाठींची दोरी

माझी मावशी एउलालिया चिडली की तिचा आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठावर ऐकू जातो. आणि गेली तीन वर्षं ती चिडलेलीच आहे.

दर सोमवारी आम्ही दोघी तळ्याचं पाणी तपासतो. मी होडी वल्हवते. ती काळी-पांढरी थाळी दोरीने खाली सोडते, थाळी दिसेनाशी झाली की दोरीच्या गाठी मोजते आणि आकडा नगरपालिकेच्या फळ्यावर लिहिते. पाणी नितळ, तर गाठी जास्त. पूर्वी नऊ भरायच्या. चढावर हॉटेल झालं, त्याचं सांडपाणी तळ्यात आलं, नि गाठी चारवर आल्या.

सान आन्द्रेसच्या सणाला आमच्याकडे वर्षभरात जन्मलेली लेकरं तळ्यात बुडवून काढतात. चाराच्या खाली गेलं तर यंदा कुणी उतरायचं नाही, हा गावाचाच ठराव. यंदा माझी लेकही होती.

सणाआधी नगरपालिकेचा लिसान्द्रो नवी दोरी घेऊन आला. "दोन्या," तो बाईसाहेब म्हणावं तशा अदबीने मावशीला म्हणाला, "जुनी कुजली हो तुमची. ही घ्या, गाठी मारूनच आणलीय."

त्या सोमवारी सहा भरल्या. मी टाळ्याच पिटल्या! मावशीने दोरी हातात ओढून घेतली. चाळीस वर्षं हातमागावर बसलेली बाई ती. दोरीवर वीत टाकत गेली.

"माझी गाठ दोन वितींवर असते. ही एकाच वितीवर! सहाच्या तीन झाल्या, पोरी."

तशीच कचेरीत लिसान्द्रोपुढे जाऊन उभी राहिली. फळ्यावर सहाचा आकडा आधीच झळकत होता.

"साहेब, तळं खोल झालं की तुमची लाज उथळ?"

"गाठ म्हणजे गाठ, दोन्या. पाहुणे येणारेत. तुम्ही विणा, शास्त्र आमच्यावर सोडा."

"विणते म्हणूनच सापडलास, मेल्या!"

सणाच्या दिवशी सान आन्द्रेस संताची मूर्ती धक्क्यावर आली आणि मावशी आडवी उभी राहिली. "देवाला थांबवा!" कमरेला गुंडाळलेली जुनी दोरी सोडून तिने धक्क्याच्या टोकावरून, खोल पाण्यात थाळी सोडली. "मोजा गं!"

"एक!" बायका ओरडल्या. "दोन! तीन..."

थाळी गेली.

"ढग आलेत, म्हणून दिसत नाही," लिसान्द्रो पुटपुटला. वर लख्ख ऊन.

"ढग तुझ्या डोळ्यांत आलेत."

भोयांनी मूर्ती खांद्यावरून उतरवली. मी लेकीचं झबलं पुन्हा बांधलं. मावशीने ती नवी दोरी लिसान्द्रोच्या गळ्यात हारासारखी घातली.

"आता तूच मोज," ती म्हणाली, "मोठ्याने."