आत ओढणारी गळती

प्लंबरला गल्लीत सगळे ‘प्रेशर’ म्हणत, आणि ते काही नुसतं नळाच्या पाण्यावरून नव्हे. माणूस कधी फुटेल याचा नेम नसे. वायसर मिळाला नाही की दुकानदारावर, दुकानदार गप्प बसला की पायरीवरच्या मांजरावर. तीस वर्षं त्याने लोकांच्या गळत्या बंद केल्या. स्वतःचं तोंड मात्र त्याला एकदाही बंद करता आलं नाही.

त्या रविवारी तो गाडीवर उखडला होता. दुसऱ्या दिवशी दहाला बायकोची गाडी चालवायची परीक्षा होती, तीही घरच्याच गाडीवर. तिसरी आणि शेवटची. बायको नर्स. वॉर्डात उभं राहून राहून तिचे गुडघे कामातून गेले होते. आता रुग्णांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायची नोकरी समोर आली होती, पण उद्या लायसन्स मिळालं तरच. नाहीतर जागा दुसरीला. आधीच्या दोन्ही वेळा गाडी चौकात बंद पडली आणि ती नापास झाली. दुसऱ्या वेळी तर याने तिला घरी पोचेपर्यंत फैलावर घेतलं. “क्लच सोडायची अक्कल नाही आणि निघाली गाडी चालवायला!” वर दारात उतरून मागच्या काचेवरचं लाल ‘एल’चं स्टिकर टराटरा फाडलं. तिसऱ्या परीक्षेचा फॉर्म तिने परस्पर भरला.

आणि आज सकाळी तीच गाडी सिग्नलला याच्याही पायाखाली बंद पडली. एकदा नाही, तीनदा. मागच्या बसवाल्याने डोकं बाहेर काढून “शिकाऊ आहेस का रे?” असं विचारलं, तेव्हा प्रेशरच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी येऊन त्याने गाडीखाली पुठ्ठा सरकवला, इंजिन सुरू ठेवलं आणि थेंबाची वाट बघत आडवा पडला. त्याच्या धंद्यात गळती म्हणजे बाहेर येणारी. अर्धा तास झाला, पुठ्ठा कोरडा ठणठणीत. इंजिन मात्र थरथरत होतं. त्याने पाना भिंतीवर फेकला.

“भिंतीने काय केलंय?” बायको बाहेर आली. तिच्या हातात स्टेथोस्कोप होता. “सरका. सूं सूं आवाज येतोय, तो कुठून येतोय ते बघू.”

“हे इंजिन आहे, पेशंट नाही!”

“पेशंट निदान शिव्या तरी देत नाहीत.”

तिने पंख्यापासून हात लांब ठेवून इंजिनावर जागोजागी नळी टेकवली. हवेच्या चार नळ्या जिथे इंजिनाला जोडल्या होत्या, तिथे ती थांबली. “बाहेर काही येत नाहीये. इथून आत ओढतंय.”

त्याने फणकाऱ्यातच त्या जोडावर साबणाचा फेस लावला. फेस फुगला नाही. आत खेचला गेला, आणि इंजिन क्षणभर शांत झालं. प्रेशरही.

कोपऱ्यावरच्या पार्टवाल्याने त्या जागेचं गॅस्केट दिलं. याच्या भाषेत ते पॅकिंग. इंजिन गार झाल्यावर त्याने बॅटरीची वायर सोडवली, नळ्यांचा जोड उतरवला, कचरा आत जाऊ नये म्हणून उघड्या भोकांत फडकी कोंबली. जुनं पॅकिंग हलक्या हाताने खरवडून काढलं. नव्याला सवयीने, नळाच्या जोडाला लावतात तसा, सफेदा फासायला निघाला, तेवढ्यात बायकोने पाकिटावरचं वाचून दाखवलं, “कोरडंच बसवायचं. बोल्ट आधी मधले, मग कडेचे, थोडे थोडे.”

“मला शिकवू नकोस!” तो खेकसला, आणि मधल्या बोल्टाला हात घातला.

संध्याकाळी त्याने चावी फिरवली. इंजिन एका सुरात चालू राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. जुनं पॅकिंग त्याच्या हातात होतं. एका भोकापासून कडेपर्यंत नखाएवढी चीर.

“म्हणजे मी नव्हते,” बायको म्हणाली.

“नव्हतीस.”

“दोन महिने, अहो! दोन महिने मी झोपायच्या आधी पलंगाच्या लाकडाला पाय लावून क्लच सोडायला शिकत होते. हे असले गुडघे घेऊन. तुम्ही पाठ करून घोरत होता.” तिचा आवाज कापत होता आणि ते रडू नव्हतं, शुद्ध संताप होता. एवढा आवाज तिने चढवलेला त्याने कधी ऐकला नव्हता.

त्यालाही कोणावर तरी ओरडायचं होतं. पार्टवाल्यावर, बसवाल्यावर, त्या नखाएवढ्या चिरेवर. पण हाताशी होता तो फक्त तो स्वतः. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“चुकलो मी,” तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून इतके आखडून आले, की ते त्याचे त्यालाच नीट ऐकू आले नाहीत.

मग त्याने हत्यारांच्या पेटीतून लाल टेप काढली आणि मागच्या काचेवर दोन पट्ट्या चिकटवून ‘एल’ केला.

बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “वाकडा झालाय,” ती म्हणाली. “काढा आणि नीट लावा.”

प्रेशरने तोंड उघडलं, मिटलं, आणि नखाने टेपचं टोक सोडवायला घेतलं.