धडका मोजणारे साडू

माझ्या साडूंइतका स्वतःवर खूश असलेला माणूस दक्षिण गोलार्धात दुसरा नसावा, आणि हे मी कौतुकाने सांगत नाही. ते हॅमिल्टनच्या रोटोटुना उपनगरात राहतात, फार्मसिस्ट आहेत, मूळचे सांगलीचे. औषधाच्या बाटलीवरचं लेबल तीनदा वाचल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला देत नाहीत. गाडी अशी चालवतात, की मागे लागलेल्या रांगेला कुणाची तरी अंत्ययात्रा वाटावी. आणि अशा माणसाला वेड कसलं, तर स्टॉक कारच्या शर्यतींचं. लोखंडी पट्ट्यांनी मढवलेल्या मोटारी मातीच्या गोल ट्रॅकवर पळवायच्या, पळता पळता एकमेकींना धडका द्यायच्या, आणि ती धडक नियमात बसते, असा हा खेळ. उन्हाळ्यातल्या दर शनिवारी साडू घडीची खुर्ची, कानटोपी आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन कुंपणालगत बसतात. अंगावर चिखल उडतो. "साडूबुवा, ही कुस्तीच आहे," ते मला सांगतात. "फक्त मातीत माणसाऐवजी मोटार लोळते."

मी ऑकलंडला बँकेत आहे. या देशात मिसळायचं म्हणून मी रग्बीचे नियम पाठ केले, अंगणात बार्बेक्यू मांडला, आमच्या बॉटनी डाउन्समधल्या शेजाऱ्याला आंब्याचं लोणचं दिलं. तो अजूनही मला 'राज' म्हणतो. माझं नाव राज नाही. आणि साडूंबरोबर दूध आणायला डेअरीवर जावं, तर टॅटूवाले दांडगे गडी रस्ता ओलांडून येतात, "किया ओरा, डॉक" असा इथला नमस्कार घालतात, आणि अमक्या वर्षी अमक्या वळणावर कोण उलटलं होतं ते विचारतात. साडू डॉक्टर नाहीत, हे मी एकदा एकाला समजावलं. तो म्हणाला, "आम्हाला ठाऊक आहे, मेट." सासूबाई सहा महिन्यांसाठी येतात त्यातले पाच रोटोटुनाला काढतात, हेही इथेच सांगून टाकतो.

या सगळ्यावर कडी म्हणजे, तिथल्या क्लबने जुन्या ड्रायव्हरांसाठी हॉल ऑफ फेम काढायचं ठरवलं आणि निवड समितीवर साडूंना घेतलं. ज्याने आयुष्यात गाडीला एक ओरखडा येऊ दिला नाही, तो माणूस धडका देणाऱ्यांची परीक्षा घेणार. आम्ही नेमके शनिवार-रविवार त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा शेवटची बैठक त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर भरली. अध्यक्ष शेरन नावाच्या बाई, निवृत्त नर्स. बरोबर दोन जुने मेकॅनिक. तिघेही चिवडा काजू न वेचता मुठीने खात होते, यावरूनच ते घरचे झालेत हे मी ओळखलं. चहा द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

एकच जागा उरली होती. एका बाजूला अनेकदा अजिंक्य ठरलेला, सगळ्यांचा लाडका ड्रायव्हर. दुसऱ्या बाजूला साडूंनी पुढे केलेला केव्ह नावाचा म्हातारा.

"केव्ह कधी काहीच जिंकला नाही, डॉक," शेरन म्हणाल्या.

"त्याला जिंकायला पाठवलंच नव्हतं," साडू म्हणाले. "सांघिक शर्यतीत त्याचं काम एकच. समोरच्या संघाच्या गाड्या अडवायच्या, धडका खायच्या आणि आपला माणूस पुढे काढायचा. तुमचा चॅम्पियन संघाच्या शर्यती जिंकला तेव्हा केव्हची गाडी कुठं होती, आठवतंय? भिंतीवर आदळलेली. दर वेळी."

खोटं कशाला बोलू, साडू हरावेत असं मला मनापासून वाटत होतं. पण शेरनबाईंनी कप बाजूला सारला. मग मेकॅनिकांकडे पाहिलं. त्या दोघांनी माना डोलावल्या.

"चॅम्पियनला पुढच्या वर्षी घेऊ," त्या म्हणाल्या. "केव्ह तोवर असेलच असं नाही. स्वीट ऍज, ठरलं तर."

समारंभाला आम्ही सगळे गेलो. केव्ह काठी टेकत, पायात जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून आला. भाषण त्याला जमलं नाही. मंचावरून उतरला तो सरळ साडूंपाशी आला आणि त्यांचा हात धरून म्हणाला, "ते कुणी बघत असेल असं मला वाटलं नव्हतं."

"मी बघत होतो," साडू म्हणाले. एरवी धडकेच्या कोनावर तासभर बोलणारा हा माणूस नुसता चष्मा पुसत राहिला.

सासूबाईंनी हळूच मला विचारलं, "या म्हाताऱ्यांनी काय केलं होतं हो?"

"दुसऱ्यांना पुढं जाऊ दिलं," मी म्हणालो.

टाळ्या मीही वाजवत होतो, आणि माझ्या लक्षात आलं, की आता मला साडूंचा हेवा वाटत नव्हता. केव्हचा वाटत होता. बँकेत मीही किती जणांना पुढे जाऊ दिलंय. त्यातलं कुणी पाहिलंय की नाही, कुणाला विचारायचं?