डब्बीची कुंची

आता काय काय सांगू तुम्हाला, एका कुंचीपायी आमच्या ह्यांची नोकरी जाता जाता राहिली! अन् ती कुंची कुणी घातली? मीच!

मागच्या उन्हाळ्यात वसमतच्या एका कापूसवाल्या शेठजीनं नवी कचेरी बांधली. पाच खोल्या, सगळ्या एकाच मशीनवर गार व्हायच्या. खोलीखोलीत भिंतीला एक डब्बी, अन् पाचही डब्ब्यांच्या वायरी खालच्या बोर्डावर. त्या ओढल्या आमच्या ह्यांनी. मग चाचणीचा दिवस आला. बोर्डावरचे दिवे बराबर लागले-विझले तर नोकरी पक्की, न्हाई तर घरी.

मी भाकरी घेऊन गेले. कडेवर सहा महिन्यांचं लेकरू, नुकतंच सर्दीतून उठलेलं.

हे म्हणाले, "बाहेर ऊन लई हाय. वर तीन नंबरच्या खोलीत बस. पण कशाला हात लावू नको!"

बसले. तर डब्बीत टक् वाजलं, अन् वरच्या जाळीतून गार वारा सुटला! लेकरू शिंकलं. माझा जीव खालीवर. म्हटलं, ही मेली डब्बीच गारवा सोडून राहिली! लेकराची कुंची काढली अन् डब्बीला घातली. बंदसुद्धा आवळले.

वारा थांबतो कशाचा? मग भाकरीचं गरमागरम गाठोडंच त्या बंदांना टांगलं.

आता तर माझेच दात वाजायला लागले!

खालून इंजिनियर साहेबाचा आवाज, "वायरमन, तीन नंबरचा दिवा विझत का नाही?"

"वायर बराबर हाय, साहेब!"

"मग मशीन का थांबत नाही? शेठजी, हा माणूस कामाचा नाही!"

मी वरूनच ओरडले, "अहो, ह्यांची चूक न्हाई! डब्बीच बिघडली! मी दाबून धरलीय तिला!"

साहेब अन् हे धावत वर आले. साहेबानं गाठोडं सोडलं, कुंची काढली, कपाळाला हात लावला.

"बाई, ही गारवा सोडत नाही. खोली किती तापली, तेवढं खाली कळवते. तुम्ही तिला भाकरीनं शेकलं. ती बिचारी सांगत बसली, लई उकडतंय, अजून गार करा!"

तेवढ्यात डब्बी टक् वाजली, अन् खालून सगळं ऐकणारे शेठजी ओरडले, "विझला! विझला! अरे, भाकरीची ऊब बोर्डापर्यंत पोचली, म्हंजे वायर पक्की. माणूसही पक्का करा!"

हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत मी हसले.

हे मात्र हसले न्हाईत. कुंचीकडं बघितलं, मग माझ्या मांडीकडं.

"समदं खरं. पण एवढ्या गारठ्यात भिंतीला कुंची, अन् आपलं लेकरू काहून उघडं बोडकं?"