कराचीचा वन्समोअर

सन १९८५, भाद्रपद. जयपुरातला पाऊस हटला होता, उकाडा हटायला तयार नव्हता. आमच्या मंडळाच्या गणपतीतली एक संध्याकाळ सांगायची आहे. पण ती एकदम सांगून भागणार नाही. आधीचे काही किस्से सांगावे लागतील.

किस्से माझ्याकडेच का साठले, तेही सांगतो. जयपुरातली मराठी माणसं म्हणजे बदलीची माणसं. कुणी फौजेत, कुणी बँकेत, कुणी विम्यात. ट्रंका पुरत्या उघडतही नाहीत, तोवर पुढची ऑर्डर येते. जाताना तुळशीची कुंडीसुद्धा नेतात. किस्से तेवढे इथे टाकून जातात. मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि मुलाची नोकरी सांगानेरला विमानतळावर, म्हणून इथेच राहिलो. मागे राहिलो तो मी, म्हणून ढीग माझ्या दारात.

मंडळात माझं काम पडद्याचं. शिक्षण चौथी. पण दोरी माझ्या हातात असताना पडदा कधी अडकला नाही.

* * *

आमच्याकडे नाटक बसवणं म्हणजे चालत्या गाडीत पंगत मांडणं. कोण कधी उठेल, नेम नाही.

एका वर्षी प्रयोग तोंडावर आला आणि आमच्या नायकाची भोपाळला बदली झाली. त्याच्या मापाचा कोट शिवून तयार. आमचे सेक्रेटरी कारखानीस विम्यातले, हिशेबी माणूस. ते म्हणाले, "कोट वाया घालवायचा नाही. ज्याला कोट बसेल तो नायक!"

बँकवाल्यांची पोटं आडवी आली, फौजवाल्यांचे खांदे. कोट बसला तो मांडव घालायला आलेल्या कन्हैयालाल तंबूवाल्याला. त्याला मराठीचा एक शब्द येत नाही! मग कारखानिसांनी नायक मुका करून टाकला.

नायिका रडली, भांडली, पाया पडली. कन्हैयालाल नुसता वर बघत राहिला. मांडवाची एक दोरी सैल झाली होती, त्याचा जीव तिच्यात. लोकांना वाटलं, काय हे दुःख! पहिलं बक्षीस त्यालाच.

पुढच्या वर्षी मांडव घालताना मला म्हणतो, "सुभेदारजी, इस बार डायलॉग भी दिलवाओ!"

* * *

त्याच्या पुढच्या साली नाटक मांडवातून हॉलमध्ये आलं आणि त्यात मिसेस घोरपडे गायल्या. मिस्टर म्हणजे मेजर घोरपडे. बाई बऱ्या गायच्या. वाईट नाही, बऱ्या.

पद संपलं आणि मागच्या रांगेतून एका दमात आवाज आला, "वन्समोअर!" विंगेतून डोकावून पाहिलं तर मेजरसाहेबांच्या कंपनीचे जवान. ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर.

बाई पुन्हा गायल्या. पुन्हा "वन्समोअर!" पुन्हा गायल्या. पुन्हा तेच! मोदक थंड झाले, पोरं झोपली. शेवटी हॉलच्या चौकीदारानं मेन स्विच बंद केला. अंधारातही एकदा "वन्समोअर" झालाच.

बाहेर मी एका जवानाला धरलं. "काय रे, एवढं आवडलं?"

"आवडायचा हुकूम नव्हता साहेब," तो म्हणाला. "ओरडायचा होता!"

त्या दिवशी कमिटीनं ठराव केला. पाटी मी स्वतः रंगवली, ठसठशीत अक्षरात: 'वन्समोअर मागू नये.' दर वर्षी ती दाराशी लागायची. अंमलबजावणी माझ्याकडे. पद संपलं की टाळ्या, टाळ्या संपल्या की पडदा. घोरपडेंची बदली झाली, जवान नवे आले, पाटी राहिली.

* * *

आता आप्पा.

आप्पा म्हणजे बँकेतल्या वसंतरावांचे वडील. ऐंशी ओलांडलेले. बनी पार्कात मुलाकडे राहायचे. संध्याकाळी अंगणात येरझारा. बसा म्हटलं तर म्हणायचे, "बसलो की आवाज बसतो."

लहानपणी ते नाटक कंपनीत होते. तेव्हा बायकांची कामं मुलंच करायची. आप्पा नायिका करायचे. हे त्यांनी मला ८५ साली पाटीला पुन्हा रंग देताना सांगितलं. पाटी वाचली, काठी टेकली आणि म्हणाले, "सुभेदार, हे काय लिहिलंत?"

"नियम आहे, आप्पा."

"प्रेक्षकानं मागितलेला वन्समोअर म्हणजे नटावर चढलेलं ऋण. नियम कसला त्याला?"

मग कराचीचं सांगितलं. इंग्रजांचा अंमल. कंपनी मुंबईहून आगबोटीनं कराचीला गेली होती. तिथेही आपली माणसं, रेल्वेत आणि बंदरात नोकरीला. घर सोडून आलेली, महिनोन्‌महिने मराठी पद कानावर न पडलेली. गॅसच्या बत्त्या फुसफुसतायत, पुढे सिंधी शेठ, कोपऱ्यात एक गोरा साहेब जांभया देतोय. आप्पांचं पद असं रंगलं की सारं थिएटर ओरडलं, "वन्समोअर!" आप्पांनी पुन्हा सुरुवात केली. आणि वरच्या सुरावर आवाज फुटला. वयच ते. नायिकेच्या गळ्यातून रेडा ओरडला!

"साहेबाची जांभई तिथेच थांबली," आप्पा म्हणाले. "तेवढाच परिणाम."

मालकांनी पडदा टाकला. दुसऱ्या दिवशी आप्पांचा टोप दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर.

"ती माणसं वन्समोअर मागून बसली होती, सुभेदार. मी दिलाच नाही. ते थिएटर आता दुसऱ्या देशात आहे. पण अशीच घर सोडलेली माणसं इथे आहेत. एकदा उभा राहतो."

"पद म्हणा," मी म्हटलं. "वन्समोअर मिळणार नाही. नियम आहे."

आप्पांनी काठी उचलली. येरझारा तेवढ्या वाढल्या.

* * *

त्या वर्षी कारखानिसांनी 'जुन्या काळची संध्याकाळ' असा कार्यक्रम ठरवला होता. नांदी, फार्स, नाट्यपदं. आप्पांचं पद शेवटी. पेटीवर मिसेस कारखानीस.

पहिल्या तालमीला त्यांनी विचारलं, "आप्पा, पट्टी कोणती?"

"काळी चार."

"अहो, ती बायकांची पट्टी!"

"मग मी कोण होतो?"

शेवटी बरंच खाली उतरून जमलं. वरचा सूर आला की मात्र आप्पा थांबायचे, खाकरायचे, "उद्या बघू" म्हणायचे. तालमीत तो सूर त्यांनी एकदाही लावला नाही.

* * *

आणि वसंतरावांची बदली आली. गुवाहाटी! कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी. पॅकर्स येऊन गेले. आप्पांचा कार्यक्रमाचा काळा कोट आणि टोपी खोक्यात, खोक्याला खिळे.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी बोलवायला गेलो तेव्हा आप्पा खोक्यावर बसले होते. त्यांना बसलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"आप्पा, ऐका ना," वसंतराव घड्याळ बघत म्हणाले. "डॉक्टर काय म्हणालेत? छातीवर ताण नको. आणि खिळे ठोकून झालेत."

"मग मलाही ठोक आत. गुवाहाटीला काढ."

वसंतराव माझ्याकडे वळले. "सुभेदारसाहेब, तुम्ही तरी सांगा."

मी सांगितलं. "पक्कड आणा."

* * *

हॉल भरला होता. मराठी मंडळी, शेजारची जयपुरी मंडळी, मागच्या रांगेत नवे जवान. फार्स संपला. मी एका विंगेत दोरी धरून, समोरच्या विंगेत कारखानीस. माझ्या शेजारी आप्पा. धोतर, काळा कोट, टोपी. पाऊल टाकण्याआधी त्यांचा हात खांद्याकडे गेला आणि नसलेला पदर सारखा करून खाली आला.

आप्पा गायले. आवाज थरथरला. वरचा सूर जवळ आला तशी पेटी हळू झाली. पहिल्या रांगेत वसंतराव अर्धे उठले. आप्पांनी सूर लावला. बारीक लागला, पण लागला. वसंतराव खाली बसले.

टाळ्या झाल्या. भरपूर झाल्या. मग थांबल्या. सगळ्यांनी दाराशी पाटी वाचलेली होती.

आप्पा हात जोडून उभे. समोर बघत होते, अंधारात. हलेनात.

समोरच्या विंगेतून कारखानिसांनी हातानं खूण केली: पडदा! मी दोरी धरून होतो. त्यांनी पुन्हा खूण केली. मग दबक्या आवाजात, "सुभेदार, पडदा! नियम आहे!"

मी छाती भरून घेतली आणि परेडवर द्यायचो त्या आवाजात ओरडलो, "वन्समोअर!"

मागच्या रांगेला वाटलं हुकूम आहे. जवान एका दमात उठले, "वन्समोअर!" त्यांच्यामागून सारा हॉल. दाराशी उभा असलेला कन्हैयालालसुद्धा!

आप्पांनी विंगेकडे पाहिलं नाही. पेटीकडे मान हलवली.

पद पुन्हा सुरू झालं. वरचा सूर आला. लागला. आप्पांनी पद शेवटपर्यंत नेलं आणि खाली वाकून नमस्कार केला.

मी पडदा टाकला.