खेकड्यांची वहिनी

पनवेल तालुक्यातल्या खेकड्यांना मताचा अधिकार असता, तर माझी थोरली वहिनी एक तर बिनविरोध निवडून आली असती, नाही तर एकमताने तडीपार झाली असती. खेकड्यांच्या खासगी आयुष्यात इतकं नाक खुपसणारी दुसरी बाई या किनाऱ्यावर झाली नसेल. पनवेलच्या एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. आमचं घर शाकाहारी, तिचं माहेर त्याहून कडक. खेकडा तिने जन्मात चाखलेला नव्हता. पण चाळिशी उलटल्यावर तिच्या मैत्रिणी योगासनांकडे आणि भिशीकडे वळल्या, तेव्हा वहिनीने पीएचडीला नाव नोंदवलं आणि विषय घेतला समुद्री खेकड्यांच्या जाती डीएनएवरून ओळखण्याचा. हा विषय समजावून सांगण्याची तिची हौस दांडगी. साबणाच्या वेष्टनावर काळ्या रेघा असतात, त्यावरून दुकानातल्या मशीनला साबण कोणता ते कळतं. तसा प्रत्येक जिवाच्या पेशीत एक मजकूर असतो, तो वाचला की जात कळते, असं ती दूधवाल्यापासून सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींपर्यंत सगळ्यांना सांगे. रंगावर मुळीच जायचं नाही, हे तिचं ठाम मत. चिखल बदलला की एकाच जातीचे खेकडे रंग बदलतात आणि जुळे वाटावेत असे दोन खेकडे भलत्याच दोन जातींचे निघतात. जातीबद्दलचं हे विवेचन लांबतंय असं पाहून गुरुजींनी घाईने आरती सुरू केली होती.

डीएनएसाठी तिला खेकड्याचा एक पाय पुरे. तिने मासळी बाजारात सुरुवातीला पायच मागितला. तिथे हिराबाई म्हणून उलव्याकडच्या खाडीकाठच्या एका गावातली कोळीण बसायची. ती म्हणाली, "बाय, लंगडी चिंबोरी माज्याकडनं कोन घेईल? न्यायची तर आख्खी ने." तेव्हापासून वहिनी अख्खा खेकडा विकत घेई, रिक्षा स्टँडवर उभी राहून त्याचा एक पाय काढून छोट्या बाटलीत घाली आणि उरलेला खेकडा घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्याला देऊन टाकी. त्यामुळे जवळचं भाडं म्हणून एरवी तोंड फिरवणारे रिक्षावाले वहिनी दिसली की एकमेकांच्या पुढे गाड्या घालू लागले. बाटल्या मात्र घरी येत आणि फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या शेजारी राहत. आमच्या घरी उन्हाळ्यात सरबतात बर्फ घालणं बंद झालं ते तेव्हापासून. बर्फाला जागाच नव्हती, आणि असती तरी पाहुण्यांनी तो नको म्हटला असता.

तिच्या नजरेतून ताटातला खेकडाही सुटत नसे. आमचे एक काका गळ्यात तुळशीची माळ घालून सगळ्यांना सात्त्विक आहाराचे फायदे सांगायचे. एकदा ते हायवेवरच्या एका खानावळीत कोपऱ्यात पाठ करून बसलेले वहिनीला दिसले. ती सरळ त्यांच्या टेबलाशी गेली. काकांच्या हातात नांगी होती. वहिनी शांतपणे म्हणाली, "काका, मी घरी कुणाला काही सांगणार नाही. फक्त पाठीचं कवच टाकून देऊ नका, मला हवंय." काकांनी कवच धुऊन, कागदी रुमालात गुंडाळून दिलं. पुढे घरात कुणी त्या फ्रीजरविरुद्ध बोलायला लागलं की काका सगळ्यांत आधी संशोधनाची बाजू घेत.

पायातला डीएनए ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत वेगळा करी आणि मजकूर वाचण्यासाठी परगावच्या कंपनीकडे कुरियरने पाठवी. एकदा तिकडून उत्तर आलं की नमुना माणसाचा आहे. तपास केल्यावर कळलं, त्या दिवशी सर्दी झालेली असताना वहिनी नमुन्याच्या नळीवर शिंकली होती. जेवताना तिने ही चूक सगळ्यांना प्रामाणिकपणे सांगितली; खेकडा म्हणून आपण स्वतःलाच पाठवलं असावं, असं म्हणाली. माझा दादा सहसा बोलत नाही. तो आमटीचा भुरका घेऊन म्हणाला, "मला लग्नानंतर लगेच शंका आली होती."

असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना हिराबाईच्या टोपलीत एक लहानसा खेकडा निघाला. दिसायला नेहमीच्या चिंबोरीसारखाच, गिऱ्हाइकाने बाजूला सारलेला. वहिनीने तो स्वस्तात घेतला आणि एवढासा रिक्षावाल्याला काय द्यायचा, म्हणून अख्खाच फ्रीजरमध्ये ठेवला. त्याचा मजकूर आला तो कशाशीच जुळेना. चिंबोरीशी नाही, तिच्या चुलत भावंडांशी नाही, जगभरच्या लोकांनी जमवलेल्या नोंदींतल्या कुठल्याच खेकड्याशी नाही. शिंकेचा अनुभव ताजा होता, म्हणून तिने नाकातोंडाला फडकं बांधून दुसऱ्या पायावरून सगळं पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. ते ज्या दिवशी आलं, त्या दिवशी वहिनी घरात कुणाशी खेकड्यांविषयी बोलली नाही. आम्हाला वाटलं, तिला बरं नाही.

तिचे मुंबईचे मार्गदर्शक सर खूश झाले, पण म्हणाले की एकट्या खेकड्यावरून नवी जात ठरत नाही, आणखी आणा. हिराबाईचा नवरा ज्या खाडीतून खेकडे धरत असे, ती गावामागची बारकी खाडी नव्या विमानतळाच्या जमिनीत जात होती. डोंगर फोडून भराव टाकणं सुरू झालं होतं. वहिनी बादली आणि जाळी घेऊन हिराबाईबरोबर तिथे गेली तर वाटेवर पत्रे उभे, आणि डंपरची रांग. वॉचमनने कुणाला भेटायचंय विचारलं. वहिनीने एका खेकड्याला, असं सांगितलं. त्याने सवयीने नाव विचारलं. "तेच अजून ठरायचंय," वहिनी म्हणाली. तो इतका गोंधळला की त्याने दोघींना आत सोडलं.

मग जमेल तेव्हा त्या दोघी जात राहिल्या. गुडघाभर चिखलात वहिनी बिळांत जाळी घाली आणि हिराबाई काठावरून हसे. नेहमीच्या चिंबोऱ्या मिळाल्या, चिमुकले खेकडे ढिगाने मिळाले. तो मिळाला नाही. प्रत्येक खेपेला चिखल थोडा कमी आणि मुरूम थोडा जास्त असे. शेवटी एकदा त्या गेल्या तेव्हा जाळी घालायला ओलसर जागाच उरली नव्हती. वहिनी बादली उपडी घालून तिच्यावर बसली. हिराबाई म्हणाली, चल, च्या पिऊ.

सरांनी सुचवलं की तो एक खेकडा प्रबंधातून काढून टाकावा, उगाच प्रश्न निघतील. वहिनी कधी नव्हे ती हट्टाला पेटली. मिळाला होता तो मिळालाच होता, असं तिचं म्हणणं. तिने तो 'ओळख पटली नाही' असं लिहून ठेवला. तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न आला. आणखी का शोधले नाहीत, असं बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं. वहिनीने खाडी राहिली नाही एवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. वहिनी डॉक्टर झाली. काकांनी पेढे वाटले.

हिराबाईचं गाव हळूहळू उठलं. ती आता एका नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. मध्यंतरी वहिनी तिच्याकडे गेली होती. हिराबाईने चहा दिला आणि त्या चिंबोरीला नाव ठेवलं का, म्हणून विचारलं. एकटीवरून नवी जात ठरत नाही, म्हणून नाव देता येत नाही, असं वहिनीने सांगितलं. हिराबाईने रिकामे कप उचलले. मग म्हणाली, "आमच्या गावाचं नाव दे तिला. ते आता कोन वापरत नाय."

कागदोपत्री त्या खेकड्याला अजून नाव नाही आणि बहुधा मिळणारही नाही. घरात मात्र वहिनी त्याच्याबद्दल बोलताना त्या गावाचंच नाव घेते, आणि ते घेताना आवाज जरा खाली आणते.