पोटभर पाजलेली कोकरं

केवळाबाईचं अर्धं आयुष्य पाठीवर ओझं घेऊन जिंतूरचे डोंगर चढण्यात गेलं. माहेर बोरीचं, शेती करणाऱ्या धनगरांचं. तिथं चालणं म्हणजे घर ते विहीर. सासर झरीचं, मेंढरांमागं फिरणारं. रब्बी उभी असताना शिवारात मेंढरांना कोण फिरकू देणार? म्हणून थंडी पडली की बिऱ्हाड डोंगरात. भांडी, पीठ, घोंगड्या तट्टावर; तट्टाला पेलणार नाही ते बायकांच्या पाठीवर. आणि तट्टू असं बेरकी, की त्याला फारसं काही पेलतच नसे.

रझाकारांची धामधूम संपून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाचा हिवाळा. सासरा आदल्या उन्हाळ्यात वारला होता, त्यामुळे कळप पहिल्यांदाच एकट्या मल्हारीच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या हाती आला होता. सकाळी तो मेंढ्या चारत वरच्या अंगानं निघे. केवळाबाई आणि सासू भागुबाई बिऱ्हाड घेऊन पुढच्या मुक्कामी जात, वाघूर लावत आणि त्या जाळीच्या कुंपणात नुकती जन्मलेली कोकरं सोडत.

या कोकरांना दिवसभर दूध नाही. संध्याकाळी आया येतील तेव्हाच. तोवर ती घसा फोडून ओरडत. ते ऐकून केवळाबाईचं काळीज तुटे, आणि भागुबाई खुशाल तंबाखू मळत बसे. ‘कसल्या दगडाची बाई ही,’ केवळाबाई म्हणे. मनातच म्हणे, तोंडावर म्हणायची तिची काय बिशाद!

पौषातल्या त्या दिवशी भागुबाई लाकडं वेचायला गेली. मुक्कामावर दोन दुभत्या शेळ्या होत्या. केवळाबाईनं गुपचूप धार काढली आणि बोट चोखायला देत सगळ्या कोकरांना पोटभर पाजलं. ती एकमेकांना चिकटून ढाराढूर झोपली. बाईला इतकं बरं वाटलं, की चूल मांडता मांडता ती गुणगुणायला लागली.

दुपार कलली आणि आभाळ थेट डोंगरावर उतरलं. समोरचं पळसाचं झाड दिसेना. भागुबाई मोळी टाकून थबकली.

“कोकरं का गप हायत गं?”

“दूध पाजलं, आत्याबाई.” केवळाबाईच्या आवाजात थोडी फुशारकीच होती.

भागुबाई मटकन खाली बसली. “आगं माय! आता मेंढ्या कशावर येतील? असल्या आभाळात मान्साला वाट दिसत न्हाई. कोकरू वरडतंय तवा माय वळती. अन् मायच्या मागं माझा मल्हारी.”

वरच्या अंगाला कडा होता, आणि नवखा मल्हारी त्याच बाजूला होता. आपल्या मायेनंच आपण नवऱ्याची वाट बुजवली, हे केवळाबाईला लख्ख कळलं.

दोघींनी हाका मारल्या. ओ नाही. कोकरांना हलवलं, कान पिळले. त्यांनी जांभया दिल्या आणि पुन्हा मान टाकली. पोट भरलेल्याला कसली फिकीर!

केवळाबाईनं घोंगडीची झोळी केली, त्यात तीन कोकरं घातली आणि पाठीशी बांधली. “आत्याबाई, तुमी जाळ करा. मी ह्यांला वाऱ्यावर नेते.”

ओल्या दगडांवरून, कधी दोन पायांवर तर कधी चार, ती डोंगराच्या धारेवर पोचली. तिथं वारा नुसता कापत होता. तिनं कोकरं घोंगडीतून काढून गार खडकावर ठेवली. आपली माया बाजूला सारून ठेवली.

“रडा रे माझ्या लेकरांनो, रडा,” ती म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.

सगळ्यात धाकटं शिंकलं. थरथरलं. मग त्यानं जो टाहो फोडला, तो ऐकून बाकीची दोन्हीही सुरू झाली. केवळाबाई कड्याकडं कान देऊन उभी राहिली. बराच वेळ नुसता वारा. मग कड्याच्या बाजूनं एका मेंढीची जाड हाक आली. मग दुसरीची. मग घुंगरं वाजली, आणि शेवटी मल्हारीची ओळखीची शीळ.

आभाळातून मेंढ्या बाहेर पडल्या आणि त्यांच्यामागं तो, नखशिखांत भिजलेला.

“कड्याच्या तोंडाला गेलतो मी,” तो म्हणाला. “मेंढ्या एकाएकी माघारी फिरल्या म्हणून वाचलो. तू हितं काय करायलीस?”

केवळाबाईनं नुसता त्याचा ओला सदरा मुठीत धरून ठेवला. जीव भांड्यात पडला होता.

मुक्कामावर जाळाशी बसल्यावर मल्हारीच्या अंगात ऊब आली. कोकरं आपापल्या आयांना लुचत होती. त्यांच्याकडं पाहून तो बायकोला म्हणाला, “लय भुकेली दिसायलीत गं. दोपारी शेळीचं दूध पाजत जा की जरा.”

भागुबाईनं तंबाखू मळता मळता सुनेकडं पाहिलं, आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

“वरडू द्या,” केवळाबाई म्हणाली. “चांगली वरडू द्या!”