काकूची ओळ

काकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला ऑफिसात होते. पांढुर्ण्याची गाडी येईपर्यंत स्टेशनवर बसून राहिले. डोक्यात सारखं एकच वाजत होतं... मांजराच्या मिशीला लागलं काय?

लहानपणी पांढुर्ण्याला काका-काकूंच्या घरी रविवारी सकाळी टीव्हीवर मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. पेटी वाजवणारे एक आजोबा प्रश्न गायचे, "आता तुम्ही!" म्हणायचे आणि थांबायचे. तबला वाजत राहायचा. उत्तराची ओळ घरोघरच्या मुलांनी गायची. मी गात नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की बाई टोकायच्या, इंग्रजी बोललं की वर्ग हसायचा. गप्प बसण्याची सवयच लागली होती. "म्हण ना माय, टीव्हीतल्या बुढ्याले थोडीच आयकू येते?" काकू म्हणायची. तरी मी गप्पच, म्हणून तबला थांबायच्या आत पोळी लाटता लाटता तीच खणखणीत गायची, "साय, साय, दुधाची साय!" समोरच्या खोलीत काकांचं बियाण्यांचं दुकान होतं. तिथून हाक यायची, "अवो, हळू! गिराईक हासून राहिले."

"हासू द्या. फुकटात आयकून राहिले ना!"

मागच्या वर्षी ते जुने भाग मोबाइलवर सापडले. खाली कितीतरी अनोळखी लोकांनी आपापलं बालपण लिहून ठेवलं होतं. काकूला दाखवलं, तर ती बघतच राहिली. "हा बुढा तं जवान होता वो!" मग हळूच म्हणाली, "तुह्या तोंडून एकदा आयकाचं राहूनच गेलं." मी हसून विषय बदलला.

पुढे लकव्यानं तिची वाचा गेली. दवाखान्यात तिच्या उशाशी मी तोच भाग लावला, अगदी हळू. प्रश्न आला. काकूचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं... तबला वाजत होता. शेजारच्या खाटेवरच्या बाई बघत होत्या. मी गायले. बेसूर, पण पूर्ण ओळ. काकूचा अर्धाच चेहरा हसला. ती घरी परत आली नाही.

आता सुटीला पांढुर्ण्याला जाते, तर टीव्हीचा आवाज काकूनं स्वयंपाकघरात ऐकू यावा म्हणून मोठा ठेवला होता, तेवढाच असतो. परवा स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "काका, चहा ठेवू का?" त्यांना ऐकूच गेलं नाही. मग जोरात विचारलं.

"ठेव ना बापा," काका दचकून म्हणाले, "काऊन ओरडून राहिली?"

रिमोट त्यांच्या हाताशीच पडला होता.